सिस्टरांना विचारा : वजनाच्या ऑपरेशननंतरचे सहा आठवडे

प्रश्न : वय 43, हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. वजन 109 किलो, उंची पाच फूट दोन इंच, सहा वर्षांपासून मधुमेह. स्लीव्हचं, म्हणजे जठर कापून लहान करण्याचं, ऑपरेशन दिवाळीच्या सुट्टीत करायचं ठरतंय. सुट्टी सोळा दिवसांची आहे. डॉक्टर म्हणतात, आठवड्यात हिंडूफिरू लागाल. पण नणंदेचं सिझेरियनचं दुखणं मी जवळून पाहिलंय, त्याचीच धास्ती बसली आहे. खरंच किती दुखतं? आणि सोळा दिवसांनी मी वर्गात उभी राहू शकेन का? तुम्ही स्वतः या ऑपरेशनमधून गेला आहात म्हणून विचारते.
— एक शिक्षिका, कराड

उत्तर : बाई, डॉक्टरांनी तुम्हाला खोटं सांगितलेलं नाही. आठवड्यात तुम्ही घरभर हिंडाल, अंगणात फेऱ्याही माराल. पण हिंडणं वेगळं आणि दिवसाचे पाच-सहा तास उभ्यानं शिकवणं वेगळं.

आधी दुखण्याचं सांगते. सिझेरियनशी तुलना मनातून काढून टाका. तिथे पोट आडवं उघडतात. स्लीव्ह दुर्बिणीतून होतं. पोटावर पाच-सहा छिद्रं, अर्ध्या ते दीड सेंटिमीटरची. आत जठराचा 75 ते 80 टक्के भाग काढतात, पण आतल्या अवयवाला कापल्याची जाणीव कातडीसारखी नसते. दुखतात ती छिद्रं, आणि त्यातही ज्या छिद्रातून जठराचा तुकडा बाहेर ओढून काढतात ते जास्त. पहिल्या रात्री कुणी विचारलं असतं तर पोटाला मी दहापैकी चार दिले असते.

खांद्याला आठ दिले असते. याबद्दल मला कुणी बोललं नव्हतं, म्हणून तुम्हाला आधीच सांगून ठेवते. दुर्बीण फिरवायला जागा व्हावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. ऑपरेशन संपताना तो काढून घेतात, तरी थोडा मागे राहतो आणि त्यानं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, चिडतं. श्वासपटलाची नस मानेतून निघते आणि खांद्याच्या कातडीची संवेदनाही मानेतल्या त्याच मुळांतून वर जाते. त्यामुळे दुखणं पोटातलं, पण कळ खांद्यात. मी 27 वर्षं सर्जिकल वॉर्डात काढली. दुर्बिणीतून पित्ताशय काढलेल्या कितीतरी पेशंटांना 'गॅस आहे, जाईल' एवढंच म्हणून मी पुढच्या खाटेकडे गेले होते. 51व्या वर्षी स्वतः त्या खाटेवर पडले, उजवा खांदा कुणी पिळून काढतंय असं वाटत होतं, तेव्हा ती सगळी माणसं आठवली आणि फार वाईट वाटलं. हे दुखणं बहुतेकांचं दोन-तीन दिवसांत जातं. चाललं की उतरतं, खांद्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवली की बरं वाटतं. पिशवी पोटावर मात्र ठेवू नका.

संध्याकाळीच तुम्हाला उठवून चालवतील. नको म्हणू नका. वजन जास्त असलं की पायातल्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याची भीती मोठी, त्यासाठी ते चालणं, ते घट्ट मोजे आणि पोटातली ती रक्त पातळ ठेवणारी बारीक सुई. उठताना सरळ उठायला गेलात तर टाके ओढतील. आधी कुशीवर वळा, पाय खाटेखाली सोडा, मग कोपरावर भार देऊन उठा. खोकला आला की उशी पोटाशी गच्च धरा.

आता पाण्याचं. मला औषध मोजायचा 30 मिलिलिटरचा प्लास्टिकचा पेला दिला होता, वरच्या खुणेपर्यंत भरलेला. तो संपवायला मला पंधरा मिनिटं लागली. प्रत्येक घोट छातीच्या हाडामागून उतरताना कळायचा. जरा मोठा घेतला की तिथेच आवळून यायचं, तोंडाला फेस यायचा. नव्या जठराला सूज असते, म्हणून हे होतं. पुढे सोळाव्या दिवशी, मिक्सरमधून काढलेल्या पदार्थांवरच असायला हवं होतं तेव्हा, मी दोन घास मऊ भात खाल्ला. वीस मिनिटं गॅलरीत वाकून उभी होते. टाक्यांपेक्षा ते दुखणं मला जास्त लक्षात राहिलंय. दोन आठवडे पातळ, पुढचे दोन मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, हा क्रम डॉक्टर देतील तसाच पाळा. भात आणि पोळी सगळ्यांत शेवटी.

सुट्टीचं गणित टाक्यांवर करू नका, थकव्यावर करा. पहिल्या दोन आठवड्यांत दिवसभरात जेमतेम पाच-सहाशे कॅलरी पोटात जातात. टाके सुकलेले असतात, चेहरा उतरलेला असतो, आणि घरचे म्हणतात, आता झालीस की बरी! चौदाव्या दिवशी मी भाजी आणायला निघाले आणि जिन्यात पहिल्या मजल्याच्या पायरीवर बसून राहिले. बसून काम करणारी माणसं दोन-तीन आठवड्यांत कामावर जातात. तुमचं काम बोलण्याचं आणि उभं राहण्याचं. घसा सुकणार, पण तास संपला की गटागट पाणी प्यायची सवय आता सोडावी लागणार. दर पाच-दहा मिनिटांनी एक घोट, तोही वर्ग चालू असताना. मधल्या सुट्टीत डबा घाईनं उरकता येणार नाही, चार चमच्यांना वीस-पंचवीस मिनिटं लागतील, आणि खाताना पाणी नाही. हे मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवा. पन्नास वह्यांचा गठ्ठा पाच किलोंच्या वर जातो. तो, पाण्याची बादली, भरलेला मोठा कुकर, यातलं काहीही सहा आठवडे उचलायचं नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत : सोळा दिवस अपुरे आहेत, त्याला लागून वैद्यकीय दाखल्यावर आणखी दोन आठवडे रजा घ्या. आणि दिवाळीच धरून बसू नका. चकल्यांच्या तळणीचा वास घरभर, येणाऱ्या-जाणाऱ्यांचं 'एवढासा तरी घे' आणि तुमच्या हातात मुगाच्या कढणाची वाटी. मी तुमच्या जागी असते तर तुळशीचं लग्न होऊ दिलं असतं आणि मग तारीख घेतली असती. रजा जास्त खर्ची पडेल, पडू द्या.

मधुमेहाबद्दल एक. या ऑपरेशननंतर साखर काही दिवसांतच खाली येऊ लागते. जुन्या मात्रेच्या गोळ्या तशाच चालू राहिल्या तर ती एकदम घसरेल. डिस्चार्जच्या कागदावर नवी मात्रा लिहून घेतल्याशिवाय घरी जाऊ नका.

आणि घाबरायचं केव्हा, ते. दुखणं रोज थोडं उतरायला हवं. उतरलेलं दुखणं परत चढू लागलं, तर थांबायचं नाही. जठराच्या शिवणीतून गळती झाली तर तिची पहिली खूण पुष्कळदा दुखणं नसतेच, नाडी असते. आमच्या वॉर्डात एक गृहस्थ पाचव्या दिवशी म्हणाले, दुखत काही नाही, पण घाबरल्यासारखं होतंय. मनगट धरलं तर 130. त्यांना त्याच रात्री पुन्हा थिएटरमध्ये घेतलं आणि ते बरे होऊन घरी गेले. तुम्ही सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं शांत बसून पूर्ण मिनिटभर नाडी मोजा. स्वस्थ बसूनही 100 च्या वर राहिली तर फोन करा, 120 च्या वर असेल तर थेट हॉस्पिटल गाठा. ताप, धाप, एकाच पायाची पोटरी सुजणं, पाण्याचा घोटही न टिकणं, काळी शी, यांतलं काहीही झालं तरी तेच. रात्री दोन वाजता फोन करायला संकोच वाटू देऊ नका. ड्यूटीवरच्या माणसाला त्याचसाठी तिथे बसवलेलं असतं.

प्रश्न : माझं वजनासाठीचं बायपास (जठर लहान करून आतड्याला जोडतात ते) होऊन आठ महिने झाले. वजन 38 किलो उतरलं. सध्या दाढ ठणकतेय. औषधाच्या दुकानातून नेहमीची दुखण्याची गोळी आणून घेतली तर चालेल ना?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : नाही, भाऊ. आठ महिनेच काय, बायपासनंतर पुढेही आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक यांच्यापासून दूरच राहायचं. जठर आणि आतडं जिथे जोडलंय तिथे त्यांनी अल्सर होतो, तो फुटूही शकतो. साधं पॅरासिटामॉल चालतं. पण आपल्याकडे पॅरासिटामॉल आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक एकाच गोळीत मिळतं आणि दुकानदार 'साधीच आहे' म्हणून तीच हातात ठेवतो. पाकिटाची मागची बाजू उजेडात धरून घटक वाचा. दाताच्या डॉक्टरांना खुर्चीत बसायच्या आधीच ऑपरेशनचं सांगा. सिगारेट ओढत असाल तर तीही त्याच जोडावर घाव घालते.

प्रश्न : पत्नीचं स्लीव्ह होऊन आज अकरावा दिवस. रिपोर्ट चांगले आहेत, दुखत नाही म्हणते. पण दिवसभर रडते, 'कशाला केलं हे' म्हणते. सूप पुढे केलं की तोंड फिरवते. सासरे मला बोल लावतात. माझं काही चुकलं का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमचं काही चुकलेलं नाही, तिचंही नाही. जठराचा जो भाग काढला त्यातूनच भुकेचा संदेश मोठ्या प्रमाणात निघायचा, त्यामुळे तिला भूक नाही. खाण्यात जो विसावा होता तोही गेला, आणि त्याच्या जागी दुसरं काही अजून आलेलं नाही. दुसऱ्या आठवड्यात मीही रडले, तेही बाथरूमचं दार लावून. माझ्या सुनेनं ते ओळखलं. ती काही बोलली नाही, फक्त गोड प्रोटीनची पावडर बाजूला ठेवली आणि आमसुलाचं पातळ सार कोमट करून आणलं. ते गेलं. तुम्हीही चव बदलून बघा : ताक, पनीरची निवळी, मुगाचं कढण, किंचित मीठ-जिरं. किती प्यायली ते कागदावर लिहा, पण तिला मोजून दाखवू नका. 'इतक्या लोकांचं होतं, तुलाच काय झालं' हे वाक्य घरात कुणालाही बोलू देऊ नका, सासऱ्यांनासुद्धा.

मात्र उलट्या सतत होत असतील आणि तिला डोळ्यांपुढे दोन-दोन दिसू लागलं, चालताना तोल गेला किंवा ती असंबद्ध बोलू लागली तर ते रडणं समजू नका. ब-1 जीवनसत्त्व संपल्याची ती खूण असू शकते आणि इंजेक्शन त्याच दिवशी लागतं. रडणं महिन्याभरात कमी झालं नाही, किंवा जगणं नकोसं झाल्याचं बोलली, तर मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या, नंबरवर रात्रीही कुणीतरी बोलतं.

आज संध्याकाळी तिला घेऊन इमारतीखाली दोन फेऱ्या मारा. तिच्या चालीनं चाला, आणि वजनाचा विषय काढू नका.