रोमचे प्रजासत्ताक: तुझ्या निबंधाच्या निमित्ताने

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझा निबंध वाचला. मांडणी नेटकी आहे, परंतु इ.स.पू. ४९मध्ये ज्युलियस सीझरने सैन्यासह इटलीच्या सीमेवरची रुबिकॉन नदी ओलांडली आणि रोमचे प्रजासत्ताक संपले, हे विधान तू पहिल्याच पानावर ज्या ठामपणे केले आहेस, ते मला पटलेले नाही. सीझर हा या इतिहासातला सर्वांत ठसठशीत माणूस असल्यामुळे सारे खापर त्याच्या माथी फोडण्याचा मोह होतो. माझे सांगणे इतकेच की, माणसांच्या आधी पदांकडे पाहा: कोणते पद किती मुदतीचे होते, त्यावर कोणाचा अंकुश होता आणि पदावरील माणसाच्या हाताखालच्या सैनिकांना म्हातारपणी कोण पोसणार होते.

जुन्या व्यवस्थेत दरवर्षी दोन कॉन्सल, म्हणजे सर्वोच्च अधिकारी, निवडले जात. एक दुसऱ्याला अडवू शके आणि नकाराधिकार असलेला ट्रिब्यून, म्हणजे सामान्य जनतेचा प्रतिनिधी, दोघांनाही. संकटकाळी एकहाती अधिकार असलेला डिक्टेटर नेमलाच, तर तोही सहा महिन्यांपुरता. समुद्रापार वर्षानुवर्षे चालणाऱ्या मोहिमांना ही वार्षिक घडी अपुरी पडू लागली आणि सेनापतींच्या मुदती वाढवून मिळू लागल्या. त्यातच इ.स.पू. १०७मध्ये सेनापती व कॉन्सल मारियसने मालमत्ता नसलेल्या नागरिकांना सैन्यात घेतले. नोकरी संपल्यावर अशा माणसाला जमीन हवी असे. सिनेटने, म्हणजे उमरावांच्या सभेने, तिची कायमची तजवीज कधीच केली नाही, त्यामुळे ती मिळवून देणे आपापल्या सेनापतीवर येऊन पडले. माझ्या मते सिनेटची सर्वांत महाग पडलेली कंजुषी ती हीच.

तिचा परिणाम पाहायचा तर इ.स.पू. ८८ या वर्षावर थांब. पूर्वेकडील पाँटसचा राजा मिथ्रिडेटिस याच्याविरुद्धच्या मोहिमेची सूत्रे कॉन्सल सुल्लाकडे होती. नागरिकांच्या सभेत ठराव करून ती मारियसकडे वळवण्यात आली. पूर्वेकडील लुटीला आपण मुकणार आणि मारियस दुसरी माणसे घेऊन जाणार, ही भीती सुल्लाच्या सैनिकांना वाटली. तो रोमवरच चालून निघाला, तेव्हा एका क्वेस्टरचा (खजिना सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचा) अपवाद वगळता त्याचे वरिष्ठ अधिकारी त्याला सोडून गेले, शिपाई मात्र राहिले. रुबिकॉनच्या एकोणचाळीस वर्षे आधीचा हा प्रसंग तुझ्या निबंधात एका ओळीतही नाही.

सीझरने इ.स.पू. ४४मध्ये तहहयात डिक्टेटर होऊन मुदतीचे बंधन उघडपणे तोडले आणि १५ मार्च रोजी त्याचा खून झाला. त्यापुढील यादवी तू पुरेशी लिहिली आहेस. परंतु अ‍ॅक्टियमच्या नाविक विजयानंतरच्या ऑक्टेव्हियनला (सीझरच्या दत्तक वारसाला) तू ‘पहिला सम्राट’ म्हणून दोन वाक्यांत उरकले आहेस, आणि खरे तर अभ्यासाचा गाभा तिथेच आहे.

जानेवारी इ.स.पू. २७मध्ये त्याने सिनेटसमोर आपली सत्ता परत केल्याचे जाहीर केले. सिनेटने त्याला ऑगस्टस ही उपाधी दिली, शिवाय स्पेन, गॉल, सीरिया यांसारखे प्रांत दहा वर्षांसाठी सोपवले. बहुतेक लीजन, म्हणजे सैन्याच्या मोठ्या तुकड्या, याच प्रांतांत होत्या, हे नकाशावर स्वतः ताडून पाहा. इ.स.पू. २३मध्ये त्याने कॉन्सलपद सोडले, पण ट्रिब्यून न होताच ट्रिब्यूनचे अधिकार घेतले. म्हणजे सत्तेला रोखण्यासाठी निर्माण झालेला नकाराधिकार आता सत्ताधीशाच्याच हाती आला. पुढच्याच वर्षी अन्नटंचाईत लोकांनी डिक्टेटर होण्याचा आग्रह धरला, तो त्याने नाकारला. नाकारण्यात फारसा त्याग नव्हता; जे हवे होते ते अन्य मार्गाने आधीच मिळाले होते. कॉन्सल निवडले जातच होते आणि सिनेटही भरतच होती. अंकारा येथील मंदिराच्या भिंतीवर त्याचे आत्मनिवेदन कोरलेले आहे. मानमरातबात मी सर्वांच्या वर होतो, अधिकार मात्र सहकाऱ्यांहून अधिक नव्हते, अशा आशयाचे वाक्य त्यात आहे. ते वाचताना प्रत्येक अधिकार सुटा करून तपास: एकेक घेतला तर वाक्य जवळजवळ खरे ठरते, बेरीज केली की टिकत नाही.

सैनिकांच्या म्हातारपणाचा प्रश्नही त्यानेच सोडवला. इ.स. ६मध्ये त्याने लष्करी खजिना स्थापन केला, त्यात स्वतःचे १७ कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) घातले आणि त्याच्या पुढील भरण्यासाठी वारसाहक्काने मिळणाऱ्या मालमत्तेवर ५ टक्के कर बसवला. श्रीमंतांनी कुरकुर केली, परंतु कर टिकला. जे काम सिनेटने शंभर वर्षे टाळले, ते एका माणसाने केल्यावर सैन्य कोणाचे राहणार होते, हे तूच लिही.

निबंधाचा शेवट ऑगस्टसच्या मृत्यूवर करू नकोस, जानेवारी इ.स. ४१पर्यंत ये. सम्राट कॅलिग्युलाचा खून झाला, सिंहासनाचा वारस ठरलेला नव्हता आणि प्रजासत्ताक पुन्हा आणावे का, याची चर्चा सिनेटमध्ये खरोखरच सुरू झाली. तोवर सम्राटाच्या अंगरक्षक दलातल्या प्रिटोरियन शिपायांनी कॅलिग्युलाचा काका क्लॉडियस याला राजवाड्यातून आपल्या छावणीत नेले होते आणि त्याने त्यांना प्रत्येकी १५,००० सेस्टर्स कबूल केले होते. या प्रसंगाचे टाचण आधी काढ, आणि मगच पहिले पान पुन्हा लिहायला घे.

तुझा शुभचिंतक