पशुपालकांचे प्रश्न : जखम धुणे आणि पट्टी बांधणे

प्रश्न : जू लागून बैलाच्या खांद्याला जखम झाली. हळद भरली होती, तरी पावसात चिघळली आणि आता आत अळ्या वळवळताना दिसतात. फिनाईल ओतू का?

फिनाईल नको. पेट्रोल, रॉकेलही नको. त्याने वरच्या अळ्या मरतात, पण भरून येणारे कोवळे मांस जळते आणि खोलातल्या अळ्या मेल्या तरी तिथेच कुजतात. हळदीनेही नुकसानच झाले. न धुता भरलेल्या हळदीचा वर पापुद्रा धरला आणि पू आत कोंडला.

बैल खोड्यात नीट बांधून घ्या. जखमेवर ओली गॉज (जखमेसाठीचे जाळीदार कापड) ठेवून भोवतीचे केस दोन बोटे रुंद कातरा, म्हणजे केस आत पडणार नाहीत. गॉजचा बोळा टर्पेंटाइन तेलात बुडवून पिळा आणि जखमेत 5 ते 10 मिनिटे ठेवा. अळी शेपटाकडून श्वास घेते. गुदमरली की ती बाहेर सरकते. चिमट्याने एकेक काढा. मग हातमोजा घालून आतले कप्पे चाचपा. जखमेचे तोंड रुपयाएवढे आणि पोकळी मात्र बोटभर खोल, असे फार वेळा असते. इथेच काम अर्धवट राहते.

आता धुणे, आणि माझ्या मते औषधापेक्षा हेच महत्त्वाचे. 1 लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात 9 ग्रॅम मीठ विरघळवा. सुई काढलेल्या 20 मिलीच्या सिरिंजने आतपर्यंत पिचकारी मारा. पाणी स्वच्छ येईपर्यंत थांबू नका. अशा जखमेला 2 लिटर सहज लागते. वरून पोव्हिडोन आयोडीनचे मलम लावा. करंज तेलात कापूर विरघळवून ते जखमेच्या कडेने, आत नव्हे, फिरवा. माश्या बसत नाहीत. खांद्यावर पट्टी टिकत नाही, जखम उघडीच ठेवा. राहून गेलेली अंडी दिवसभरात फुटतात, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा. कातडी पुरती भरेपर्यंत बैल जुंपू नका.

प्रश्न : शेळीच्या पायाला पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी खूर सुजून गार पडला. असे का?

पट्टी आवळली गेली. ती आत्ताच सोडा. फक्त जखमेवर फेरे दिले की खालचे रक्त वर चढत नाही, म्हणून बांधणी खुरापासून वर करायची. खुराच्या दोन नख्यांमध्ये थोडा कापूस घाला. जखमेवर मलम लावलेली गॉज, त्यावर कापसाचा जाड थर आणि मग पट्टी. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याचा अर्धा भाग झाकेल असा. नख्यांची टोके उघडी ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ हात लावून बघा. नख्या फाकल्या किंवा गार लागल्या तर पट्टी घट्ट आहे. भिजलेली पट्टी लगेच बदला, कोरडी असली तरी रोज उघडा. शेळीला धनुर्वाताचा धोका असतो. इंजेक्शनचे डॉक्टरांना आवर्जून विचारा.

प्रश्न : गाईला भटका कुत्रा चावला. पट्टी बांधावी का?

बांधू नका, टाकेही नकोत. हातमोजे घालून वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवा, पोव्हिडोन आयोडीन लावा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. मात्रा 0 (पहिल्या मात्रेचा दिवस), 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी असतात. जखम भरली म्हणून मधली मात्रा सोडू नका. डॉक्टर जवळ नसतील तर 1962 या निःशुल्क क्रमांकावर फोन करा.