प्रोग्रामिंगसाठी पहिली लिनक्स कुठली घ्यावी?

तुम्ही विचारलंय की आठ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे, पायथन आणि वेब डेव्हलपमेंट शिकताय, विंडोजवरून पहिल्यांदाच लिनक्सवर यायचंय तर उबुंटू, मिंट, फेडोरा की आर्च, यातली कुठली डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा कुठला प्रकार, घ्यावी. माझं मत विचाराल तर लिनक्स मिंट टाका, सिनॅमन डेस्कटॉपवाली, आणि निदान सहा महिने दुसऱ्या कशाकडे बघूच नका.

कारण असं की मिंट उबुंटूच्याच पायावर उभी आहे, उबुंटूची एलटीएस, म्हणजे जास्त काळ सपोर्ट मिळणारी आवृत्ती, दर दोन वर्षांनी एप्रिलमधे येते आणि तिला पाच वर्षं अपडेट मिळतात, त्यामुळे कुठे अडलं, एरर कॉपी करून शोधली की उबुंटूसाठी कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं उत्तर सापडतं आणि ते बहुतेक वेळा मिंटवर जसंच्या तसं चालतं. नवीन माणसाला याच्याइतका आधार दुसऱ्या कशाचा नाही. फेडोरा चांगलीच आहे, त्यात सगळं ताजं मिळतं, पण एकेका व्हर्जनला साधारण तेरा महिनेच सपोर्ट, म्हणजे वर्षाला एक अपग्रेड ठरलेलं. आर्चमधे पार्टिशनपासून, म्हणजे डिस्कचे भाग पाडण्यापासून, सगळं स्वतः ठरवावं लागतं, तुम्हाला आत्ता कोड शिकायचाय. आर्चची विकी मात्र कुठलीही लिनक्स वापरा, वाचत जा, फार मनापासून लिहिलेली आहे.

आणि स्क्रीनशॉट बघून डिस्ट्रो निवडू नका. ग्नोम, केडीई, सिनॅमन हे नुसते डेस्कटॉप आहेत, म्हणजे स्क्रीनवरच्या खिडक्या आणि मेनूंचं रूप, ते नंतरही बदलता येतात. गिट, नोड, डॉकर, व्हीएस कोड ही कोडिंगची साधनं सगळीकडे तीच, पॅकेज टाकायची कमांड तेवढी वेगळी, मिंटवर ॲप्ट, फेडोरात डीएनएफ, आर्चमधे पॅकमॅन.

इन्स्टॉल करायच्या आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून बघा, डिस्कला हात लागत नाही. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, ब्राइटनेस कमीजास्त होतोय का, आणि झाकण बंद करून उघडल्यावर मशीन जागं होतंय का, हे शेवटचं लोक तपासत नाहीत आणि मग रोज वैतागतात. विंडोज ठेवून डुअल बूट, म्हणजे एकाच मशीनवर दोन्ही सिस्टिम, करणार असाल तर बॅकअप घ्या, बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा आणि पार्टिशन विंडोजमधूनच लहान करा. इन्स्टॉल झालं की पहिल्याच दिवशी टाइमशिफ्ट चालू करा, त्याने काही बिघडलं तर सिस्टिम मागच्या स्थितीला नेता येते, पण ते सिस्टिमचा स्नॅपशॉट घेतं, तुमच्या होम फोल्डरचा नाही, म्हणून कोड गिटने गिटहबसारख्या बाहेरच्या सर्व्हरवर टाकत राहा.

आता पायथनचं नीट ऐका, कारण इथे मी स्वतः फसलोय. मला नवीन पायथन हवा होता म्हणून मी जुना आधी काढून टाकायला गेलो, सुडो ॲप्ट रिमूव्ह पायथन३. त्याने काय काय निघणार याची भली मोठी यादी दाखवली, मी न वाचता वाय दाबला आणि रीस्टार्ट केल्यावर काळ्या स्क्रीनवर नुसतं लॉगिन विचारत बसलं. सिस्टिमचे कितीतरी भाग त्याच पायथनवर चालतात, त्यामुळे डेस्कटॉपच गेला होता. सिस्टिमच्या पायथनला कधीच हात लावू नका. आता तर पिप, म्हणजे पायथनची पॅकेजं टाकायची कमांड, थेट वापरायला गेलात की एन्व्हायर्नमेंट बाहेरून मॅनेज केलेलं आहे अशी एरर येते. ती बरोबर आहे, तिला जबरदस्तीने गप्प करू नका. ॲप्टने पायथन३-व्हीएन्व्ह हे पॅकेज टाका आणि प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्याच्या पॅकेजांची स्वतंत्र जागा, करा.

वेबसाठी अजून एक फायदा आहे. विंडोजवर लोगोच्या फाइलचं नाव कॅपिटल एलने आणि एचटीएमएलमधे स्मॉल एलने लिहिलं तरी लोगो दिसतो, लिनक्सवर त्या दोन वेगळ्या फाइली. साइट बहुतेक करून लिनक्सच्याच सर्व्हरवर जाणार, तिथे अपलोड केल्यावर चित्र गायब आणि तुम्ही पाथ तपासत तासभर बसणार. मिंटवर काम करत असाल तर हे पहिल्यांदा पेज उघडतानाच कळतं.