वाचकांचे प्रश्न : आठव्या दिवशी येणारे पाणी

प्रश्न : आमच्याकडे आठ दिवसांनी नळाला पाणी सुटते. ते आले की सासूबाई आधीचे उरलेले सारे पाणी ‘शिळे’ म्हणून मोरीत ओततात आणि हौद, पिंपे, घागरी नव्याने भरायला लावतात. मी काही बोलले की त्यांना वाईट वाटते. इतक्या दिवसांचे पाणी खरोखरच वापरू नये का?
– एक गृहिणी, लातूर जिल्हा

उत्तर : पाणी अन्नासारखे शिळे होत नाही. ते बिघडते ते उघड्या राहिलेल्या तोंडामुळे आणि त्यात वारंवार बुडणाऱ्या तांब्यामुळे व हातामुळे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन साठवणीत हळूहळू कमी होतो, हे खरे असल्याने पिण्याच्या पाण्याबाबत आपल्या सासूबाईंची शंका अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पण त्यावरचा उपाय पाणी ओतून देणे हा नसून ते गाळून उकळणे, किंवा मेडिक्लोर या क्लोरीनच्या द्रावणाचे थेंब बाटलीवर छापलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबणे, हा आहे. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मात्र मरत नाहीत, हेही येथेच सांगितलेले बरे, कारण तुरटी फिरवली की काम झाले अशी समजूत घरोघरी आढळते.

सासूबाईंच्या सवयीत एक गोष्ट मात्र योग्य आहे आणि ती त्यांना आवर्जून सांगावी. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घाण गटारात नव्हे, तर घरातील साठवणीच्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात आणि ही अंडी पाण्याच्या पातळीलगत भांड्याच्या आतल्या कडेला चिकटून कोरडीही टिकतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा प्रत्येक भांडे रिकामे करून, आतून खसखसून घासून कोरडे करणे आवश्यकच आहे. चुकते ते एवढेच, की रिकामे केलेले पाणी मोरीत जाते. नळाची पाळी ज्या दिवशी असेल त्याच्या आदल्या दिवशी चादरी, गोधड्या, पायपुसणी असे मोठे धुणे काढावे, उरलेले पाणी फडक्यातून गाळून त्यासाठी वापरावे आणि मग भांडी घासावीत. म्हणजे भांडी रिकामी व्हावीत ही सासूबाईंची इच्छाही राहते आणि पाणीही कामी येते.

टंचाईच्या गावात सर्वांत जास्त पाणी वाया जाते ते नळ येतो त्याच दिवशी, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या दिवशी अंगणात सडा पडतो, गाड्या धुतल्या जातात आणि नळाला तोटीच नसल्यामुळे भरलेल्या हौदातून पाणी रस्त्यावर वाहत राहते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. माणशी ५० लिटर धरले, तर ते दहा हजार माणसांना एक दिवस पुरले असते, आणि शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच पावणेचार लाखांवर गेली होती. पाणी गाडीने आणायचे म्हटले की किती तोकडे पडते, हे त्यावरून कळते. तोटी आणि हौद भरला की पाणी आपोआप बंद करणारा फ्लोट व्हॉल्व्ह यांचा खर्च एका टँकरच्या मानाने फारच थोडा असतो.

प्रश्न : आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी आम्ही झाडांना घालतो, तरी कुंड्यांतील रोपे सुकत चालली आहेत. न्हाणीघरातले पाणी तरी झाडांना चालते का?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आरओ यंत्र पाण्यातील क्षार काढून टाकते म्हणजे ते नाहीसे करत नाही, तर बाहेर पडणाऱ्या पाण्यात ढकलते. मूळ पाणी बोअरचे असेल, तर ते आधीच क्षारयुक्त असते आणि कुंडीतल्या मूठभर मातीत तो क्षार साठत जातो. हे पाणी फरशी पुसणे, खरकटी भांडी पहिल्यांदा विसळणे, संडासात टाकणे यासाठी वापरावे. मात्र त्याआधी आपल्याला आरओची गरज आहे का, हे तपासावे. पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असतील, तर भारतीय मानकानुसार ते पाणी त्या बाबतीत पिण्यास योग्य असते. धरणातून येणाऱ्या नळाच्या पाण्यात ते बहुधा याहून कमी असतात आणि तेथे साधा गाळक व उकळणे पुरते. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर टाकणारे यंत्र टँकरच्या पाण्यावर चालवणे हा उलटा व्यवहार आहे.

न्हाणीघरातले पाणी झाडांना चालते, पण सगळ्या झाडांना नाही. मोरीच्या तोंडाशी केळ, कर्दळ आणि अळू लावण्याची आपल्याकडची जुनी पद्धत विचारपूर्वकच पडली असावी, कारण ही झाडे ते पाणी निमूटपणे शोषून घेतात. कपड्यांच्या पहिल्या पाण्यातील सोडा काळ्या मातीला घट्ट करतो, तेव्हा ते वगळून दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कपडे खळबळलेले पाणी द्यावे. कोथिंबीर, मेथी अशा भाज्यांना ते घालू नये आणि एक दिवसाहून अधिक साठवूही नये, त्याला वास सुटतो. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी मात्र कुंड्यांना खुशाल द्यावे. जागा नसेल, तर शोषखड्डा हाच उत्तम उपाय आहे. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन गटारे आणि डास दोन्ही हटवले, हे उदाहरण प्रसिद्ध आहे.

प्रश्न : आमच्या घराचे छत एक हजार चौरस फुटांचे आहे. छताचे पाणी थेट बोअरमध्ये सोडावे का?
– एक सेवानिवृत्त शिक्षक, बीड

उत्तर : थेट सोडू नये. छतावरची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा भूजलात गेली, तर ती पुन्हा बाहेर काढता येत नाही. आपले छत सुमारे ९३ चौरस मीटरचे आहे. १०० मिलिमीटर पावसात त्यावर ९,३०० लिटर पाणी पडते आणि एकपंचमांश गळती सोडली, तरी सात हजारांहून अधिक लिटर हाती लागते. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी वाहू द्यावे, नंतरचे वाळू-खडीच्या गाळणीतून हौदात घ्यावे आणि हौद भरून वाहू लागेल ते बोअरशेजारच्या खड्ड्यात मुरू द्यावे. मराठवाड्यातील कातळात पाणी भेगांतूनच मुरते, त्यामुळे बोअर किती भरेल हे आधी सांगणे अवघड असते. हौदातले पाणी मात्र मोजून वापरता येते, म्हणून आम्ही आधी हौदच बांधावा असे सुचवू.

प्रश्न : आम्ही काटकसर करूनही गच्चीवरची टाकी रात्रीतून उतरते. गळती कोठे शोधावी?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : प्रथम फ्लश टाकी पाहावी. झोपताना तिच्यात चमचाभर हळद कालवून कोणीही फ्लश वापरू नये, आणि सकाळी भांड्यात पिवळी धार दिसली, तर आतले वॉशर गेले आहे असे समजावे. नळ ठिबकला की कानाला कळते, ही गळती मात्र आवाज न करता होते. प्लंबर येईपर्यंत टाकीचा कॉक बंद ठेवून बादलीने पाणी टाकावे.