सही नाही, पण अंगठा आहे ना?

प्रश्न: वकीलकाका, मी घरून डिझाइनचं काम करते. एका क्लायंटने व्हॉट्सॲपवर लोगो आणि ब्रोशर सांगितलं, मी रेट टाकला, तो म्हणाला थोडं कमी करा, मग मी 10 टक्के कमी करून "हा फायनल, दोन करेक्शन फ्री, शुक्रवारी सुरू करते" असं लिहिलं तर त्याने नुसता अंगठा टाकला. काम करून पाठवलं, आता महाशय म्हणतात सही केलेला कागद दाखवा, ॲग्रीमेंट झालंच नव्हतं. माझे पैसे बुडाले का?

उत्तर: नाही हो ताई, तुमची बाजू चांगलीच भक्कम आहे. कागद म्हणजे करार हा गैरसमज इतका पसरलाय की काय सांगू. कागद हा पुरावा, करार होतो तो एकाने ऑफर दिली आणि दुसऱ्याने ती जशीच्या तशी मान्य केली त्या क्षणी. जमीन-घरासारख्या थोड्या व्यवहारांना बहुतेक देशांत लेखी लागतं, लोगोला नाही.

आता तुमचं चॅट नीट बघा. तुमचा पहिला रेट ही ऑफर, पण "थोडं कमी करा" म्हटल्यावर मामला तिथेच थांबला. यावर 1840 ची एक इंग्लिश केस अजूनही शिकवतात, हाइड विरुद्ध रेंच. रेंच शेत 1000 पौंडांना विकायला तयार होता, हाइड म्हणाला 950 देतो, रेंच नाही म्हणाला, मग हाइड म्हणतो बरं 1000 घ्या, तोवर रेंचचा विचार बदललेला. कोर्टाने सांगितलं करार नाहीच, कारण 950 म्हटलंस तेव्हाच तू जुनी ऑफर मोडीत काढलीस. म्हणून तुमच्या केसमध्ये जुना रेट विसरा, तो मागायला जाऊ नका. खरी ऑफर तुमचा "हा फायनल" वाला मेसेज, आणि त्यात काम, रेट, करेक्शन, दिवस सगळं स्पष्ट आहे, हे फार बरं केलंत, कारण "बघू, नंतर ठरवू" असं मोघम असतं तर कोर्ट तरी कशावर बोट ठेवणार?

राहिला अंगठा. कॅनडात नेमकं हेच झालं, 2023 मध्ये कोर्टाचा निकाल आला. जवस विकत घेणाऱ्या कंपनीने शेतकऱ्याला कराराचा फोटो पाठवून कन्फर्म करा म्हटलं, त्याने अंगठा टाकला, माल मात्र दिला नाही आणि म्हणाला अंगठा म्हणजे फक्त "मिळालं". कोर्टाने मानलं नाही, 82,000 डॉलरच्या वर भरपाई लावली, कारण आधीचे सौदेही त्याने "ओके", "यप" एवढ्यावरच पक्के करून माल दिला होता. म्हणजे अंगठा एकटा बोलत नाही, आधीची सवय आणि नंतरचं वागणं बोलतं. तुमच्या क्लायंटने मध्ये करेक्शन सांगितली असतील, फाइल वापरली असेल तर तेच मेसेज तुमचा पुरावा, स्क्रीनशॉट आजच काढा, पूर्ण चॅट एक्सपोर्ट करा, तारखांसकट. (आपल्याकडे अंगठा म्हणजे सहीच की, पण हा युक्तिवाद कोर्टात नका करू!)

बाकी करारात दोघांनी एकमेकांना काहीतरी द्यायचं असतं, त्याला मोबदला म्हणतात, तोही इथे आहे, तुमचं काम आणि त्याचे पैसे. दोघंही सज्ञान आणि शुद्धीत असणार असं धरतो, काम बेकायदा नाही. आधी लेखी नोटीस पाठवा, बरेच जण तिथेच वठणीवर येतात.

प्रश्न: मामा म्हणाला होता डिग्री मिळाली की बाइक घेऊन देतो. मिळाली, आता ऐकतच नाही. केस होते का?

उत्तर: नाही रे बाबा. इंग्लंडमधल्या 1919 च्या बाल्फोर खटल्यात नवऱ्याने बायकोला महिना 30 पौंड द्यायचं कबूल केलं होतं, तेही कोर्टाने सोडून दिलं, कारण घरातल्या घरात बोललेल्या शब्दाला कायद्याने बांधून घ्यायचा हेतू सहसा नसतो. शिवाय डिग्री तू तुझ्यासाठी घेतलीस, मामाने सांगितलं म्हणून नव्हे, मग मोबदल्याचाही प्रश्न येतो. जर्मनी-फ्रान्समध्ये मोबदल्याची अट नाही, पण तिथेही हेतू विचारतातच. तू आपलं मामीकडे अपील कर.