'ताओइसीच' नव्हे, टीशख

प्रश्न असा आहे : "लिओ वराडकर आयर्लंडचे 'ताओइसीच' होते असं वाचलं. हा शब्द म्हणायचा कसा? सरळ पंतप्रधान का नाही म्हणत?"

आधी ते 'ताओइसीच' थांबवा. रोमन अक्षरं दिसली की बातम्या वाचणारे ती एकेक करून उच्चारतात. आयरिश लेखनातले कितीतरी स्वर शेजारच्या व्यंजनाचा पोत सांगण्यापुरते असतात. उच्चार टीशख, शेवटचा ख घशात घासणारा, 'ख़बर'मधला. (आणि आडनाव 'वरदकर' नाही, 'वऱ्हाडकर' तर नाहीच. वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड.)

अर्थ पंतप्रधान, हे कुणीही सांगेल. गंमत मुळात आहे. जुन्या आयरिशमध्ये हा शब्द 'पहिला, पुढे असणारा' या अर्थाचा. आजही 'तूस' म्हणजे आरंभ. वेल्शमधला याचा सख्खा भाऊ राजपुत्राचा वाचक. आणि स्कॉटलंडच्या गेलिकमध्ये अशा पुढाऱ्याचा 'मॅक', म्हणजे मुलगा, तो इंग्रजांच्या तोंडी झाला मॅकिन्टॉश! त्याच आडनावाच्या चार्ल्सने १८२३ मध्ये रबर लावलेल्या जलरोधक कापडाचं पेटंट घेतलं, म्हणून आपल्या इस्पितळांत गादीवर अंथरतात तेही मॅकिन्टॉश. वराडकर मुळात डॉक्टर; आपल्या पदाचा हा नातलग त्यांनी पेशंटच्या पाठीखाली नक्की पाहिला असणार.

कोशवाले 'टोळीनायक' एवढं लिहून हात झटकतात. मला ते तोकडं वाटतं. आपल्याकडे नेमका शब्द पडून आहे : पेशवा. फारसीत 'पेश' म्हणजे पुढे. 'प्रधान'मधला 'प्र'ही पुढचाच, कबूल. पण मग 'पंत', म्हणजे पंडित, कशाला हवा? टीशखला पेशवाच म्हणावं, विद्वानांनी कितीही नाकं मुरडोत.

हो, प्रश्न राहिला. हे पदनाम १९३७ च्या राज्यघटनेचं. इंग्रजी मसुद्यात तरी 'प्राइम मिनिस्टर' लिहा, अशी दुरुस्ती फ्रँक मॅकडरमॉट या खासदारांनी सुचवली होती. तेव्हाचे सरकारप्रमुख डी व्हॅलेरा बधले नाहीत. बरं झालं.

वराडकर २०१७ ते २०२० टीशख होते. मग मीहॉल मार्टिन यांच्या पक्षाशी पाळीपाळीने पद घ्यायचं ठरलं, म्हणून ते 'टॉनिश्ते' झाले, आणि डिसेंबर २०२२ ते एप्रिल २०२४ पुन्हा टीशख. टॉनिश्ते म्हणजे उपपंतप्रधान असं आपण छापतो, पण पूर्वी नायकाच्या हयातीतच निवडलेल्या वारसाला टॉनिश्ते म्हणत. वराडकर तरी त्या अर्थाला जागले.