आईला रागावू नकोस

'ताई, आम्ही साताऱ्यात राहतो. आई ६४ वर्षांची, तिला पार्किन्सन्स आहे. डॉक्टर सांगतात रोज चाला, पण ती उंबऱ्याबाहेर पडत नाही. शेजारच्या काकांनाही हाच आजार, तरी ते रोज सकाळी 'चार भिंती'च्या टेकडीवर जाऊन येतात. समजावून झालं, रागावून झालं. आईची इच्छाच दिसत नाही. काय करू?'

अरे, आधी रागावणं थांबव. पार्किन्सन्समध्ये मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन कमी होतं. त्यानं चाल मंदावते हे आपल्याला दिसतं. पण उठून काही करावंसं वाटणं, ही उमेदही डोपामिनवरच चालते. पुष्कळ रुग्णांची ती उमेदच जाते. थकवा आणि उदासीही याच आजारातून येतात. तुला आईचा हट्ट वाटतोय, त्यात बराचसा हा आजार आहे.

आता काकांचं. सकाळी त्यांच्या हातात चहा आणि गोळी कोण देतं? खाली वाट बघणारे दोघे-तिघे मित्र आहेत का? आणि तुझी आई? गोळी लागू पडून अंग मोकळं झालं की त्या वेळात ती काय करते? बहुतेक घरांत पोळ्या, डबे आणि भांडी. असर उतरून पाय जड झाले की आपण म्हणतो, 'आता जरा चालून ये.' हे मला फार लागतं. हा आजार पुरुषांत साधारण दीडपट आढळतो, त्यामुळे रुग्ण म्हटलं की काकाच डोळ्यांपुढे येतात. बाईच्या दिवसाचा हिशोब कुणी मांडत नाही.

म्हणून चार दिवस गोळीची वेळ आणि आई मोकळी वावरते ती वेळ लिहून काढ. त्या वेळेतली पोळ्यांची जबाबदारी तू घे. हो, तूच.

मग तिला भीती कसली वाटते ते विचार. पडण्याची भीती बायका जास्त बोलून दाखवतात, आणि ती खोटी नाही. या वयात हाडं ठिसूळ झालेली असतात. या आजारात लघवीची घाईही होते. वाटेत सोय नसेल तर बाई घरातच बसणार, आणि हे ती मुलाला सांगणार नाही. बहिणीला किंवा बायकोला विचारायला सांग.

दारात पाय खिळतात का, तेही बघ. खिळले तर हात धरून ओढू नकोस. थांबू दे, मग 'विठ्ठल विठ्ठल' म्हणत ठेक्यावर पाऊल टाकू दे. ठेका मिळाला की बऱ्याच जणांचं पाऊल सुटतं. उंबऱ्याअलीकडे फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या तरी उपयोग होतो. चालताना हातात पिशवी नको, गप्पाही नकोत.

चार भिंतीचा चढ तिला नकोच. सपाट रस्ता, सुरुवातीला दहा मिनिटं आणि सोबत तिच्या आवडीची एखादी मैत्रीण. आठवड्याला १५० मिनिटं चालावं म्हणतात, ते सावकाश होईल.

पुढच्या तपासणीला तो कागद घेऊन जा. गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांनाच ठरवू दे, तू बदलू नकोस. उदासीबद्दल स्पष्ट बोल, त्यावर उपचार आहेत. आणि आईचं ब्लड प्रेशर झोपून आणि उभं राहून, दोन्ही वेळा मोजायला सांग. उठल्यावर ते एकदम उतरत असेल तर तिला चक्कर येत असेल.

– ताई